नहराच्या पारीवरचा सायकलीचा रस्ता वाचवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रस्त्यांच्या बातम्या रोजच येतात, कुठं खड्डे, कुठं अपघात, कुठं रुंदीकरण, पण ज्या रस्त्यावर गाड्याच नाहीत त्याच्याबद्दल कोणी लिहित नाही म्हणून मी लिहितो आहे. आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातून इटियाडोह धरणाचा नहर जातो, सरकारी कागदावर कालवा म्हणतात पण इकडं लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे नहरच म्हणतात. त्या नहराच्या पारीवर, म्हणजे काठाच्या मातीच्या उंच बांधावर, पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेला मुरमाचा कच्चा रस्ता आहे. सायकल चालवायला याच्यापेक्षा चांगला रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही आणि तो आता आमच्या डोळ्यासमोर खराब होत चालला आहे.

हे मी कोणत्या हक्कानं सांगतो तर मी 37 वर्षं ग्रामीण डाकसेवक होतो. सकाळी थैली घ्यायची, सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधायची आणि गावोगावी डाक वाटत फिरायचं. त्या काळी मनिऑर्डरी असायच्या, रजिस्ट्री असायच्या, राखीपौर्णिमेच्या आधी तर थैली एवढी भरायची की सायकल मागून डुलायची. डांबरी रोडनं गेलं तर अंतर कमी पडत होतं तरी मी नेहमी नहरानं जायचो कारण नहराला चढ नसतो. 37 वर्षांत चढ लागला म्हणून नहरावर मी एकदाही सायकलवरून उतरलो नाही, पंक्चर झाली म्हणून, चिखल होता म्हणून, साप आडवा होता म्हणून उतरलो असेन पण चढासाठी नाही.

याचं कारण साधं आहे पण पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. नहराचं पाणी कोणी पंपानं ढकलत नाही, ते स्वतःच्या वजनानं वाहतं, म्हणून नहर खोदताना त्याला अगदी थोडका उतार देतात, काही हजार फुटांमागं एखादा फूट. जास्त उतार दिला तर पाणी जोरानं धावून पार खाते, कमी दिला तर गाळ बसतो. मग मध्ये टेकडी आली की नहर टेकडी चढत नाही, तिला वळसा घालून जातो, खोलगट आलं तर भराव टाकून वरून जातो आणि जिथं जमीन एकदम खाली जाते तिथं फॉल बांधतात, पाणी धपकन खाली पडतं आणि पुढं परत सपाट. पारीवरचा रस्ता याच्या सोबतच जातो म्हणून तोही सपाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, शुगर निघालेल्या माणसाला, नवीन सायकल शिकणाऱ्या बाईला असा सपाट रस्ता मिळणं म्हणजे केवढी गोष्ट आहे. एकच त्रास आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, पार उंचावर असल्यानं वारा लागतो, समोरून वारा असला की सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीवर घ्यायचा, थकल्यावर तोच वारा घरी आणून सोडतो.

इटियाडोह धरण गाढवी नदीवर आहे, गोठणगावजवळ, 1970 च्या सुमारास बांधून झालं तेव्हा आमचा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा तर 1999 ला झाला. याच धरणाचं पाणी पुढं लाखांदूर आणि वडसा-आरमोरीकडं जातं, म्हणजे एका नहरानं गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली असे तीन जिल्हे जोडले आहेत. मोठ्या नहरातून वितरिका निघतात, वितरिकेतून मायनर, मायनरमधून पाटचाऱ्या, आणि मोठ्या वितरिकांच्या बाजूनंही कुठं ना कुठं चालायपुरती वाट असतेच. त्याला आमच्या पांदणी, म्हणजे शेतात जायच्या वाटा, येऊन मिळतात. म्हणजे हायवेला पायसुद्धा न लावता माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकलनं जाऊ शकतो. हे जाळं आधीपासून तयार आहे, नव्यानं जमीन घ्यायची नाही की कोणाचं घर पाडायचं नाही.

आता दिवाळीनंतरची एखादी सकाळ डोळ्यासमोर आणा. साडेसात वाजले आहेत, धुकं अजून बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, पसरलेलं आहे, धान कापून पुंजणे रचून ठेवलेले, आणि कापलेल्या बांध्यात लाखोळी डाळीचं पीक वर आलेलं आहे. लाखोळीचं आमच्याकडं असं आहे की धान उभं असतानाच ओलीत तिचं बियाणं फेकून देतात, उतेरा म्हणतात त्याला, नांगर नाही की वखर नाही, धान निघालं की खाली लाखोळी हिरवी झालेली असते. पुढं तिला निळी फुलं येतात. सायकलच्या चेनचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नाही. नहरात पाणी अर्ध्यावर, त्याच्यावरून वाफ निघते. गेटच्या लोखंडी चाकावर खंड्या बसलेला असतो, त्याच्याजवळ जाईपर्यंत तो हलत नाही, मग एकदम निळा पट्टा ओढल्यासारखा पाण्यावरून निघून जातो आणि पुढच्या गेटवर जाऊन बसतो, आपण तिथं पोचलो की परत पुढं. असा एकच खंड्या माझ्यासोबत दीड-दोन किलोमीटर आलेला आहे. पुढं फॉल आला की आवाज आधी येतो आणि मग थंड हवा तोंडावर लागते. तिथं सायकल उभी करून मी डबा खायचो, 37 वर्षं त्याच दगडावर बसून, आणि आताही तिथंच बसतो.

फेब्रुवारी संपता संपता पांदणीतला पळस फुलतो, मार्चच्या शेवटाला मोहफूल पडायला लागतं तेव्हा पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वेचताना दिसतात आणि सगळ्या पांदणीला तो गोड वास असतो. त्यानंतर ऊन कडक होतं, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी यायचं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, मुरूम निसरडा होतो आणि रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत पारीवर ट्रॅक्टरची गर्दी असते.

इथून मुख्य गोष्टीवर येतो. माझी नात नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, तशी तिलाही मिळाली, चांगली योजना आहे, माझ्या मुलीच्या वेळेस असती तर ती सातवीनंतर घरी बसली नसती. सायकल मिळाली पण रस्ता कुठं मिळाला. शाळा वडसा रोडवर आहे, त्या रोडनं रेतीचे टिप्पर धावतात, धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या जातात, ज्यांना मागं लाल लाइट तर सोडाच साधं रेडियमसुद्धा नसतं. मागच्या डिसेंबरात धुक्यात एका ट्रॉलीचा धक्का लागून पोरगी साइडपट्टीच्या खाली गेली. कोपर सोललं, हँडल वाकलं, दप्तर नालीत पडलं, ट्रॉलीवाल्याला पत्ताही नव्हता, तो तसाच निघून गेला. देवाची कृपा म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण त्यानंतर पंधरा दिवस तिनं सायकलला हात लावला नाही, आईला म्हणे मी शाळाच सोडते.

मग एका रविवारी मी तिला म्हटलं चल बाई, तुला माझा डाकेचा रस्ता दाखवतो. नहरानं शाळा साडेसहा किलोमीटर पडते आणि रोडनं पाच, म्हणजे दीड किलोमीटर जास्त, पण पूर्ण वाटेत आम्हाला एक बैलबंडी, दोन मोटारसायकली आणि शेळ्यांचा एक कळप एवढंच भेटलं. सुरुवातीला पोरगी हँडल घट्ट धरून, खांदे वर करून चालवत होती, फॉलपर्यंत आलो तेव्हा खांदे खाली आले आणि ती मागं वळून बोलायला लागली. आजोबा तुम्ही रोज इकडून जात होते का, मग आम्हाला आधी का नाही सांगितलं. मला खरंच उत्तर देता आलं नाही. आता ती आणि गावातल्या पाच मुली मिळून नहरानं जातात. आणि त्यांचं पाहून रविवारी आम्ही मोठी माणसंही जायला लागलो, दोन रिटायर मास्तर आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत, किराणा दुकानवाले भाऊ आहेत ज्यांची शुगर डॉक्टरच्या गोळ्यांनी खाली येत नव्हती, आता येते आहे. कोणाजवळ गिअरवाली सायकल नाही, सगळ्या साध्या काळ्या नाहीतर मुलांच्या जुन्या सायकली. दहा-बारा किलोमीटर जायचं, फॉलवर चिवडा खायचा आणि परत यायचं. कोणाला घाई नाही, कोणाशी स्पर्धा नाही.

माझ्या एका मित्राचा मुलगा इंग्लंडमध्ये बाथ नावाच्या शहरात नोकरीला आहे. त्यानं व्हिडिओ कॉलवर तिथला नहर दाखवला, केनेट अँड एव्हन कॅनॉल म्हणतात, रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर, 1810 मध्ये पूर्ण झालेला. त्यांचे नहर शेतीसाठी नव्हते, मालाच्या नावा ओढायला होते, काठावरून घोडा चालायचा आणि दोरानं नाव ओढायचा, त्या घोड्याच्या वाटेवर आज लोक सायकली चालवतात. चढ आला की त्यांनी पाण्याच्या पायऱ्या केल्या, दारं बंद करून पाणी भरायचं आणि नाव वर उचलायची, एका टेकडीवर तर अशा 29 पायऱ्या आहेत. बाथच्या पुढं एका ठिकाणी नहर पुलावरून जातो आणि नदी खालून, अगदी आमच्या नाल्यावरच्या जलसेतूसारखा. पण मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. रेल्वे आणि ट्रक आल्यावर तो नहर बेवारस पडला होता, पाणी आटलं होतं, झुडपं वाढली होती, आणि लोकांनी स्वतः फावडी घेऊन, वर्षानुवर्षं खपून, वर्गणी जमवून तो परत उभा केला, 1990 मध्ये राणीच्या हातानं तो पुन्हा सुरू झाला. फ्रान्समध्ये कॅनॉल द्यु मिदी म्हणून आहे, 240 किलोमीटर, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, तिथं तर जगभरातले लोक सायकल चालवायला येतात. आमचा नहर तर बंद पडलेलाही नाही, जिवंत आहे, पाणी वाहतं आहे, फक्त त्याच्या बाजूच्या रस्त्याकडं कोणाचं लक्ष नाही.

रस्ता खराब कशानं होतो ते मी रोज पाहतो. एक तर रात्रीचे टिप्पर. रोडवर चेकिंग असलं की ते पारीवरून निघतात आणि जागोजागी पारीचा मुरूमही खोदून नेतात. 1976 च्या पाटबंधारे कायद्यात नहराचं नुकसान करणं गुन्हा आहे, पण रात्री दोन वाजता तिथं पाहायला कोण आहे. दुसरं म्हणजे चिखलणीच्या वेळेस ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, ते बांधीतच वापरायचं असतं पण या बांधीतून त्या बांधीत जाताना काढायचा कंटाळा करून तसेच पारीवरून चालवतात, त्यानं रस्त्यावर अशा आडव्या चिरा पडतात की वाळल्यावर सायकलवर बसलेल्याचा मणका खिळखिळा होतो. तिसरं बाभूळ. नहराच्या ओलीवर ती जोमानं वाढते, फांद्या आडव्या येतात आणि काटे रस्त्यावर पडतात. आमच्यातला प्रत्येक जण घरी गेल्यावर टायरवरून हलक्या हातानं फडकं फिरवतो, काटा अर्धा आत गेलेला असतो तेव्हाच काढला तर ट्यूब वाचते. आणि चौथ्या म्हणजे फुटलेल्या बाटल्या, त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

टिप्पर अडवायला पारीच्या तोंडाशी आडवा बार लावावा असं आम्हाला वाटलं, रेल्वे फाटकाजवळ हाईट गेज असतं तसं, खालून ट्रॅक्टर निघेल, टिप्पर निघणार नाही. मी मोठ्या हौसेनं हे पाटकरी काकाजींना सांगितलं, ते गेली कित्येक वर्षं या नहरावर पाणी सोडतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तनसीची बंडी कशी काढाल जी त्याच्याखालून?" आणि खरंच, तनीस म्हणजे धानाचा पेंढा, तो भरलेली बंडी टिप्परपेक्षाही उंच असते, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेतकऱ्याचा रस्ता अडवून आम्हाला सायकल चालवायची नाही, हा रस्ता आधी त्यांचा आहे, त्यांच्या शेतातून नहर गेला म्हणून तर तो आहे. मग चार गावचे शेतकरी बसले, पुष्कळ वाद झाला, एक जण तर उठून गेले, शेवटी साखळीवर एकमत झालं. दोन्ही बाजूला रुळाचे तुकडे गाडायचे, मध्ये साखळी आणि कुलूप, बाजूनं सायकल आणि पायी माणूस निघेल एवढी फट, चावी पाटकरी काकाजींजवळ आणि प्रत्येक गावात एका शेतकऱ्याजवळ. रोवणा आणि धान निघायच्या दिवसांत साखळी दिवसभर उघडी, रात्री बंद. हे आम्ही कागदावर लिहून, शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन सिंचन उपविभागाच्या ऑफिसात दिलं आहे.

काही तरुण मंडळी म्हणतात की याच्यावर डांबर टाकायला लावा, लाइट लावा, सेल्फी पॉइंट करा. मी हात जोडून सांगतो, डांबर नको. डांबर पडलं की दुसऱ्याच महिन्यात शॉर्टकट म्हणून गाड्या सुरू होतील आणि ज्या शांततेसाठी आपण जातो तीच जाईल. मुरूम आणि वर्षातून एकदा रोलर, दिवाळीच्या आधी एकदा आणि होळीच्या आधी एकदा बाभळीची छाटणी, एवढंच पाहिजे. पांदण रस्त्यांसाठी सरकारनं 2021 मध्ये मातोश्री योजना आणली, रोजगार हमीतून कामं होतात, त्यातच नहराला मिळणाऱ्या पांदणी घेतल्या तर शेतकऱ्याचंही काम होईल आणि सायकलचंही.

सुरक्षेचं मात्र कडक पाहिजे. मोऱ्या आणि जलसेतूजवळ रस्ता अरुंद होतो आणि कठडे तुटलेले आहेत, तिथं लोखंडी पाइप लावणं सगळ्यात आधीचं काम आहे, मुली तिथं उतरून सायकल हातात धरून नेतात. जिथं सिमेंटचं अस्तर आहे तिथं शेवाळ धरतं, पाणी वरून शांत दिसतं पण आत ओढ असते आणि पडलेल्या माणसाला पकडायला काहीच सापडत नाही, जनावरंसुद्धा अशा ठिकाणी वर येऊ शकत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा साखळ्या सोडाव्या, आणि पोरांनी नहरात उड्या मारू नये हे प्रत्येक आईबापानं बजावून सांगावं. आमचा भाग नवेगाव-नागझिऱ्याला लागून आहे, वाघ-बिबट्या आहे, 2022 मध्ये तर हत्तींचा कळपही येऊन गेला. म्हणून सूर्य चांगला वर आल्यावरच निघायचं, एकट्यानं जायचं नाही, जंगलाला लागून असलेल्या टप्प्यात थांबायचं नाही आणि अंधार पडायच्या आत घरी. मुलीसुद्धा सहाजणी मिळूनच जातात, एखादी आली नाही तर बाकीच्या तिची वाट पाहतात.

गोंदिया, भंडारा, नागपूरच्या लोकांनाही माझं आग्रहाचं आमंत्रण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. नवेगावबांधचा तलाव बघायला तुम्ही येताच, प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेला येता, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे तीही बघता, पण सगळं कारच्या काचेतून. एक दिवस सायकल घेऊन या, रुंद टायरची आणली तर उत्तम, हवा थोडी कमी ठेवा, एक ज्यादा ट्यूब आणि पंप जवळ असू द्या कारण नहरावर पंक्चरवाला भेटत नाही. पाणी भरपूर घ्या, नहराचं पिऊ नका. आणि नहराला पाणी केव्हा सुटणार हे आधी विचारून या, पाणी असलेला नहर आणि कोरडा नहर यात फार फरक आहे.

आता एकच तातडीचं काम सांगून पत्र संपवतो. दुसऱ्या गेटच्या पुढं टिप्परवाल्यांनी मुरूम खोदल्यानं पारीला साधारण चाळीस फूट लांबीची खांड पडली आहे, एका बाजूनं सायकल जेमतेम निघते आणि दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. उन्हाळी धानासाठी नहर पूर्ण भरून सुटायच्या आधी ती बुजली नाही तर मुलींना परत वडसा रोडनं जावं लागेल आणि पारच फुटली तर खालच्या बांध्याही जातील. गावच्या बोडीचं, म्हणजे लहान तलावाचं, खोलीकरण झालं तेव्हा निघालेला मुरूम बाजूलाच पडून आहे, ट्रॅक्टर द्यायला तीन शेतकरी तयार आहेत, श्रमदानाला आम्ही चाळीस जण आहोत. नहर खात्याचा आहे म्हणून खात्याच्या परवानगीशिवाय आम्ही तिथं फावडं लावू शकत नाही. तो कागद लवकर द्यावा आणि माती दाबताना त्यांचा एक माणूस उभा करावा, एवढी विनंती तुमच्या पेपरातून संबंधितांपर्यंत पोचावी.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया